इतिवृत्त वाचून होईपर्यंत उठू नका

तेरणा नदीवर माकणीचं धरण झालं तेव्हा वडिलांना भूसंपादनाची नोटीस तेवढी आली. तुमचं म्हणणं काय, असं कुणी विचारलं नाही. प्रकल्पाआधी जनसुनावणी घ्यायची सक्तीच देशात १९९७ साली आली. म्हणून तेरणेकाठच्या एका डिस्टिलरीची सुनावणी लागली तेव्हा आम्ही दोन टेम्पो भरून गेलो. मी पोटतिडकीनं बोललो: नदी मरेल, विहिरी नासतील. टाळ्या पडल्या. धारा काढायची वेळ झाली म्हणून आम्ही निघालो.

पुढं इतिवृत्ताची प्रत पाहिली. माझं सगळं बोलणं एका ओळीत: 'ग्रामस्थांनी प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली.' त्यावर उत्तर, 'आवश्यक ती काळजी घेण्यात येईल.' त्या रात्री डोळा लागला नाही.

पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत बघायला मिळतो, सारांश मराठीतही असतो. ते ३० दिवस आम्ही टेम्पो ठरवण्यात घालवले. नंतर अहवाल उघडला तर पाण्याचे नमुने सगळे चढाच्या विहिरींचे! सांडपाणी मुरलं तर उतारानं तेरणेकडं येणार, आणि उताराची एकही विहीर तपासलेली नाही. हे मी भर सभेत विचारलं असतं तर त्याची 'चिंता' करून टाकता आली नसती. सुनावणीत निघालेल्या महत्त्वाच्या मुद्द्याचं उत्तर अंतिम अहवालात द्यावं लागतं, पण त्यासाठी मुद्दा नेमका मांडावा लागतो.

तुमच्या गावाला सुनावणी लागली असेल तर अहवालाच्या नकाशावर आधी आपली विहीर शोधा, आपला ओढा शोधा. म्हणणं लिहून द्या, पोच घ्या. ज्याला येणं जमत नाही त्याचंही लेखी म्हणणं चालतं. बहिष्कार म्हणून घरी बसू नका. सुनावणीला गणपूर्तीची अटच नाही, मंडप रिकामा असला तरी ती झाली असंच धरतात. शेवटी इतिवृत्त आपल्या भाषेत समजावून वाचून दाखवावं लागतं. आपला मुद्दा गळला असेल तर तिथंच उभं राहून तो घालायला लावा, सही व्हायच्या आत.

उताराच्या चार विहिरींचं पाणी आता आम्ही दर उन्हाळ्यात प्रयोगशाळेतून तपासून घेतो. कारखान्याच्या विस्ताराची सुनावणी लागेल तेव्हा ते कागद घेऊन मी जाणार आहे. धारा त्या दिवशी पोरगा काढील.