नेट चालू, पण साइट बंद!

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत लिहायची ही पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विभागाच्या सरांनी ‘पॅकेट’च्या जागी ‘पाकीट’ लिही असं सुचवलं होतं, पण पाकीट म्हटलं की मला महिनाअखेरचं रिकामं पाकीटच दिसतं. म्हणून पॅकेटच ठेवलंय.

गोष्ट आमच्याच हॉस्टेलची. माझा रूममेट लोणारकडचा, घरी कोरडवाहू शेती. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची तारीख होती आणि तो तीन दिवसांपासून लॅपटॉपसमोर बसून होता. पान फिरत राहायचं, उघडायचं नाही. ज्याला विचारावं तो एकच उत्तर द्यायचा, “सर्व्हर डाऊन आहे, शेवटच्या दिवशी असंच असतं.” त्याने विश्वास ठेवला. रात्री साडेदहाला मला म्हणतो, “नेट तं चालू हाय, मंग साइट काहून उघडून नाही रायली बे?” यूट्यूब चालत होतं, व्हॉट्सअॅपवर मेसेज जात होते. अर्ज गेला नाही तर वर्षाची फी घरून मागावी लागणार होती, आणि घरी सोयाबीन आधीच पावसात गेलेलं.

मी नेटवर्किंगचा पेपर नुकताच दिला होता. पेपरात मार्क बरे पडले, पण समोर खरी बिघडलेली लाइन आल्यावर पाच मिनिटं काही सुचलं नाही हे खरं. मग एक साधी गोष्ट केली. तीच साइट माझ्या मोबाइलवर, हॉस्टेलच्या वायफायवरून उघडून पाहिली. नाही उघडली. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पाहिली. उघडली! म्हणजे सर्व्हर डाऊन नव्हताच. लॅपटॉपही निर्दोष. दोष मधे कुठेतरी. आमच्या खोलीत रेंज जेमतेम, म्हणून लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेलो, हॉटस्पॉट लावला आणि पावणेबाराला अर्ज गेला. तीन दिवस ही दोन मिनिटांची तपासणी कोणीच केली नव्हती. मीही नाही, आणि मी शेजारच्याच कॉटवर झोपतो.

आता दोष शोधायचा तर साइट उघडते म्हणजे काय होतं ते आधी बघू. आपण नाव टाइप करतो. ते नाव डीएनएसकडे जातं, तिथून आकड्यांचा पत्ता येतो. ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. मग त्या पत्त्यापर्यंत रस्ता लागतो, रस्त्याच्या टोकाला सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो, ब्राउझर ते तपासतो आणि मगच पान येतं. यातली एक कडी जरी तुटली तरी आपण सरसकट “नेट बंद” म्हणून मोकळे होतो.

कडी तुटल्याची मोठी उदाहरणं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम एकदम गेले, जवळपास सहा तास. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. त्यांच्या नेटवर्ककडे जाणारे रस्तेच जगाच्या नकाशावरून पुसले गेले होते, आणि त्यांचे डीएनएस सर्व्हरही त्याच रस्त्यांच्या पलीकडे. म्हणून नावाचा पत्ताच कोणाला मिळेना. बाकीचं नेट मात्र ठणठणीत होतं. त्याआधीचं उदाहरण आपल्या महाराष्ट्राजवळचं. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत देशात अनेकांना ब्लॉगस्पॉटवरचे ब्लॉग दिसेनासे झाले. दूरसंचार खात्याने मोजकीच पानं अडवायला सांगितली होती. काही इंटरनेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच अडवलं. कांद्याच्या एका पोत्यासाठी पूर्ण बाजार बंद, तसा प्रकार! त्या वेळी ज्याने आपलं मशीन फॉरमॅट केलं असेल त्याची मेहनत फुकट गेली असणार.

असो. गच्चीवरून खाली आल्यावर झोप येईना. कमांड प्रॉम्प्ट उघडला. आधी ८.८.८.८ ला पिंग केलं, उत्तर आलं. म्हणजे लाइन जिवंत. (एखाद्या साइटला पिंग केलं आणि उत्तर नाही आलं तर घाबरू नका, बरेच सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत.) मग एनएसलुकअपने साइटचं नाव विचारलं, पत्ता बरोबर आला. म्हणजे डीएनएसही ठीक. तरी जुना कचरा नको म्हणून आयपीकॉन्फिगने डीएनएसची साठवण पुसली. फरक शून्य. लॅबमध्ये प्रॉक्सी लावून तशीच हॉस्टेलला आणली की पिंग जातं आणि ब्राउझर अडतो, हे आपल्याकडे दर सेमिस्टरला कोणाचं तरी होतंच. तेही पाहिलं, प्रॉक्सी नव्हती. घड्याळ पाहिलं, बरोबर होतं.

मग लक्षात आलं की कोणत्या साइट उघडतात आणि कोणत्या नाही यातच उत्तर आहे. गूगल, यूट्यूब, व्हॉट्सअॅपचे मेसेज चालू. बँक आणि अर्जाची साइट बंद. आणि हे सुरू झालं कधी? हॉस्टेलचा राउटर बदलला त्या आठवड्यात.

इथे थोडं गणित आहे, कंटाळू नका. साध्या इथरनेटवर एक पॅकेट जास्तीत जास्त १५०० बाइटचं असतं. आमची लाइन पीपीपीओई पद्धतीची, तिच्या वेष्टणाला ८ बाइट लागतात. उरले १४९२. खामगावला कापूस घेऊन निघालेला गच्च भरलेला ट्रक डोळ्यांसमोर आणा. रस्त्यात रेल्वेचा पूल, पुलाआधी उंची रोखणारी लोखंडी कमान. मोटारसायकल जाते, जीप जाते, ट्रक अडकतो. नियम असा की कमानीजवळच्या माणसाने मागे निरोप पाठवायचा, “माल कमी भरा.” हा नियम १९९० पासून लिहून ठेवलेला आहे. पण काही सर्व्हर सुरक्षेच्या नावाखाली असे सगळेच निरोप अडवतात. मग सर्व्हर तेवढेच उंच ट्रक पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि आपण फिरणारं चक्र बघत बसतो.

साइट उघडताना पहिली बोलणी छोट्या पॅकेटमध्ये होते, ती निघून जाते. नंतर सर्व्हर प्रमाणपत्र पाठवतो, ते काही हजार बाइटचं. पहिला ट्रक तिथेच अडकतो. व्हॉट्सअॅपचा मेसेज म्हणजे मोटारसायकल. आणि क्रोममध्ये गूगल-यूट्यूब ज्या क्विक पद्धतीने चालतात तिची पॅकेट मुळातच १५०० पेक्षा बरीच लहान असतात, म्हणून त्यांना कमान लागतच नाही.

खात्री करायला पिंगमध्येच सोय आहे. एफ लावला की “तुकडे करू नकोस” आणि एलपुढे आकार. पिंगची स्वतःची डोकी २८ बाइटची, म्हणून १५०० साठी १४७२ लिहायचं. लिहिलं. आमच्या राउटरनेच उत्तर दिलं की तुकडे केल्याशिवाय जाणार नाही. मग १४६४ लिहिलं. गेलं! १४६४ आणि २८, बरोबर १४९२. रात्रीचा दीड वाजला होता. रूममेटला उठवून सांगितलं तर तो म्हणाला, “अर्ज गेला ना बाप्पा, झोप आता.”

सकाळी रेक्टर सरांची परवानगी घेऊन नेटवाल्या दादांना फोन केला.

“दादा, राउटरमध्ये एमएसएस १४५२ करता का?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“रात्री मोजलं.”

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “थांबा, बघतो.” १४९२ मधून दोन्ही डोक्यांचे ४० बाइट गेले की १४५२ उरतात. राउटर एवढं करतो की जोडणी होतानाच समोरच्याला सांगून टाकतो, यापेक्षा उंच ट्रक भरूच नका. जुन्या राउटरमध्ये हे आपोआप होत होतं, नव्यात बंद राहिलं होतं. दादांना दोन मिनिटं लागली. ज्यांच्या घरी राउटरला हात लावता येत नाही त्यांना लॅपटॉपवरच आकार १४९२ करता येतो. ती कमांड इंग्रजीतच टाइप करावी लागते, म्हणून कागदावर लिहून कॉमन रूमच्या नोटीस बोर्डावर लावली आहे.

कॉमन रूमवरून आठवलं. तिथल्या जुन्या पीसीवर सगळ्याच साइट “सुरक्षित नाही” म्हणतात, त्याचा या ट्रकांशी संबंध नाही. त्याच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. लाइट गेली की त्याचं घड्याळ मागच्या कुठल्यातरी सालात जातं आणि त्याला आजची प्रमाणपत्रं अजून सुरूच न झालेली वाटतात. सीआर २०३२ नंबरची बॅटरी लागते. लॅबवाल्या काकांना सांगून ठेवलंय. तोपर्यंत लाइट येऊन गेली की तारीख हाताने नीट करा.