सांगलीचा वेतनी खेळाडू

"खेळून का कोठे पोट भरते?" असा प्रश्न पालक आम्हास वारंवार करतात. त्याचे उत्तर आमच्या सांगलीतच जन्मलेल्या एका गृहस्थाच्या चरित्रात सापडेल.

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीस एका ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत त्यांनी दोन्ही डावांत शतके (११६ व १४५) काढली; असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय होत. एवढी कीर्ती पदरी असता १९४९ साली ते इंग्लंडात लँकेशायर लीगमधील रॉटनस्टॉल क्लबाकडे वेतनावर खेळले.

ही लीग म्हणजे काही कौंटी क्रिकेट नव्हे. १८९२ साली स्थापन झालेली ही गिरणगावांची स्पर्धा. त्या काळी प्रत्येक संघात वेतनी खेळाडू एकच असे. बाकीचे आठवडाभर कामधंदा करून शनिवारी मैदानात उतरणारे हौशी गडी. वेतनी खेळाडूने फलंदाजी करावी, गोलंदाजीचाही भार वाहावा, आणि पराजय झाला तर प्रथम बोल त्यालाच लागावा, अशी रीत. त्याने पन्नास धावा पुऱ्या केल्या म्हणजे प्रेक्षकांत पेटी फिरे आणि कामकऱ्यांची नाणी तीत पडत.

कसोटीवीराने ही नाणी घेण्यात कमीपणा तो कोणता? आम्हास तर काहीच दिसत नाही. दृष्टांतातील ज्या दासाने धन्याचे धन जमिनीत पुरून ठेवले, त्याला दोष लागला. ज्याने ते कामी लाविले, त्याला नव्हे. प्रामाणिक श्रमाचे वेतन लहान गावात घेतले म्हणून ते हलके होत नाही.

पुढे १९५१ साली हजारे भारताचे कर्णधार झाले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडचा पराभव करून आपला पहिला कसोटी विजय मिळविला. २००४ साली ते निवर्तले. त्यांच्या नावाचा करंडक आजही खेळला जातो.

विद्यार्थीहो, आपणांपैकी थोडेच कसोटी खेळतील. पण शनिवारचा लहान सामना प्रत्येकाच्या वाट्यास येतोच. तेथे कोणी पाहो वा न पाहो, तो मन लावून खेळावा. पालकांसही विनंती एवढीच, की मुलाच्या अंगी गुण दिसल्यास तो पुरून ठेवण्यास त्याला सांगू नये.