जुन्या प्लॅस्टिकांतील खनिज भुकटी व उष्णता

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ सालच्या ऑक्टोबरांत श्री. अफरोज शहा यांनीं एका वृद्ध शेजाऱ्यासह कचरा उचलण्यास आरंभ केला, व २०१८ च्या मार्चांत तेथें कासवांचीं पिलें समुद्राकडे जातांना लोकांनीं पाहिलीं. ही हकीगत बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. असल्या ढिगांत पिशव्या, दोर, जाळीं, बाटल्या सर्व एकत्र असतें. मिश्र माल धुऊन वितळवून त्याच्या नळ्याही करितात, आणि त्या स्वस्त म्हणून शेतकरी घेतो. यास्तव हा विषय येथें घेतला आहे.

वितळलेल्या मालांत चुनखडीची किंवा संगजिऱ्याची भुकटी घालण्याची चाल आहे. तिनें जिन्नस कडक होतो व खर्चही वांचतो. ही भुकटी स्वतः उष्णतेस भीत नाहीं. कोंकणांत शिंपल्यांचा चुना भाजतांना ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस हें सहज पटेल. शिंपला म्हणजे बहुतांशीं चुनखडीच. त्याचा चुना होण्यास सुमारें ८०० अंश सेंटिग्रेडवर उष्णता लागते. पॉलिथीन ११० ते १३५ अंशांस व पॉलिप्रॉपिलीन १६५ च्या सुमारास वितळतें. तेव्हां यंत्रांत जें बिघडतें तें प्लॅस्टिक, भुकटी नव्हे.

भुकटी बारीक, कोरडी व सारखी पसरलेली असल्यास नग तापला तरी आकार लवकर सोडीत नाहीं. पॉलिप्रॉपिलीनांत संगजिऱ्याचा हा गुण विशेष दिसतो. पीव्हीसीचा तुकडा मिसळला गेला तर तो तापून आम्ल सोडतो, त्यांतील कांहीं चुनखडी जिरविते. परंतु संगजिऱ्यांत लोहाचा अंश असेल तर तोच प्लॅस्टिकाच्या साखळ्या तोडण्यास हातभार लावितो. शिवाय मालाचें हवेपासून रक्षण करणारीं द्रव्यें भुकटी आपल्याकडे ओढून धरिते. जुन्या मालांत तीं आधींच संपत आलेलीं असतात; म्हणून भुकटीबरोबर तींही नव्यानें घालावीं लागतात. काटकसर होते ती नेमकी येथेंच! नायलॉनच्या जाळ्यांची अडचण निराळीच. तो सुमारें २२० अंशांस वितळतो; त्याकरितां आंच वाढवावी तर थकलेलें पॉलिथीन करपूं लागतें. त्यास भुकटीचा इलाज नाहीं.

उन्हांत कडक राहणें एक आणि वर्षानुवर्षें टिकणें दुसरें, हें आम्ही पैसे देऊन शिकलों. एका विक्रेत्याकडून ठिबकाच्या स्वस्त नळ्या घेतल्या. पहिल्या उन्हाळ्यांत त्या छान ताठ राहिल्या. दुसऱ्या वैशाखांत वांकवितांच कडकन मोडल्या, आणि वांग्याचा अर्धा वाफा वाळला. तुकडा बादलींत टाकला, तो तळाशीं गेला. पॉलिथीन तर पाण्यावर तरंगतें. कारकुनी खोडीप्रमाणें हिशेब मांडला: पॉलिथीनचें विशिष्ट गुरुत्व ०.९५, चुनखडीचें २.७, शंभर भार मालांत सुमारें आठ भार चुनखडी झाली कीं तो बुडूं लागतो. उन्हापासून रक्षणासाठीं घातलेल्या दोन-तीन भार काजळीनें तो बुडत नाहीं.

पीव्हीसी मात्र भुकटीवांचूनही बुडतें, म्हणून ही परीक्षा पॉलिथीनच्या नळीपुरतीच समजावी. तरंगली तरी नळी नवीन मालाची ठरत नाहीं. तुकडा दोन-चार वेळां दुमडून चीर पडते कीं काय तेंही पाहावें, आणि तें पैसे देण्यापूर्वीं.