वरचे नगर, खालचे नगर

इ. स. १९२७ च्या जानेवारीत बर्लिन येथे ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट प्रथम दाखविण्यात आला. फ्रिट्झ लांग हे त्याचे दिग्दर्शक होत. कथा त्यांच्या पत्नी थेआ फॉन हार्बू यांनी लिहिली होती. भविष्यकाळातील एका कल्पित महानगराचे चित्र तीत रंगविले आहे.

त्या नगरात वर गगनचुंबी इमारती आहेत. त्यांच्यामधून उंच पूल गेले आहेत आणि विमाने घिरट्या घालीत आहेत. धनिकांच्या मुलांसाठी तेथे क्रीडांगणे आहेत, उद्याने आहेत. जमिनीखाली मात्र अजस्र यंत्रे आहेत, आणि त्यांच्याही खाली कामगारांची वस्ती! तेथे सूर्यप्रकाश पोचत नाही. कामगारांच्या घड्याळावर अंक दहाच. कारण त्यांची पाळी दहा तासांची. पाळी बदलली की एक रांग मान खाली घालून बाहेर पडते आणि दुसरी तशीच आत शिरते.

एके दिवशी मारिया नावाची तरुणी कामगारांच्या मुलांना घेऊन वरच्या उद्यानात येते. ही सारी एकमेकांची भावंडे आहेत, असे ती सांगते. नगराधिपतीचा पुत्र फ्रेडर ते ऐकतो व तिच्या शोधात खाली उतरतो. तेथे यंत्राचा स्फोट होऊन माणसे होरपळतात. ते यंत्र त्याला माणसे गिळणाऱ्या राक्षसासारखे भासते. पुढे ११८११ क्रमांकाच्या थकलेल्या कामगाराची जागा घेऊन तो स्वतः पाळी करतो. आपल्या सुखाची किंमत कोण मोजतो, हे त्याला तेव्हा कळते.

मारिया कामगारांना बाबेलच्या मनोऱ्याची जुनी कथा सांगते. ज्यांनी मनोरा कल्पिला, त्यांनी तो बांधला नाही. आणि ज्यांनी बांधला, त्यांना ते स्वप्न ठाऊक नव्हते. भाषा एकच, तरी मने परस्परांना कळली नाहीत.

इकडे नगराधिपतीच्या आज्ञेने एक शास्त्रज्ञ आपल्या यंत्रमानवाला मारियाचे रूप देतो. त्याच्या चिथावणीने कामगार यंत्रे फोडतात. पण त्यामुळे पाणी त्यांच्याच वस्तीत शिरते! मारिया व फ्रेडर मुलांना वाचवितात. शेवटी फ्रेडर आपल्या पित्याचा हात मुकादमाच्या हाती देतो.

हात मिळाले, पण पाळीचे तास कमी झाले काय? खालची वस्ती उजेडात आली काय? चित्रपट तेथेच संपतो. पुढे स्वतः लांग यांनाही हा शेवट परीकथेसारखा वाटू लागला. त्या प्रश्नांचे उत्तर शोधणे त्यांनी, जणू, प्रेक्षकांवरच सोपविले आहे.

स्वाध्याय

१. कामगारांच्या घड्याळावर दहाच अंक का होते?
२. यंत्रे फोडल्याने कामगारांचेच नुकसान कसे झाले?
३. लांग यांना चित्रपटाचा शेवट परीकथेसारखा का वाटला असावा? तुमच्या शब्दांत लिहा.