बर्णबाने शब्द टाकला म्हणून

प्रश्न : पौल आणि बर्णबा हे जिवाभावाचे सोबती पुढे एका माणसावरून वेगळे झाले. मग ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराला त्यांची मैत्री कामी आली की त्यांचं भांडण?

उत्तर : मैत्री. भांडणानंतर काम दोन दिशांना गेलं हे खरं. पण मुळात ते उभं राहिलं बर्णबामुळे.

दिमिष्काच्या वाटेवर पालटून येशूचा अनुयायी झालेला पौल यरुशलेमला आला, तेव्हा तिथले शिष्य त्याला बिचकून होते. कालपर्यंत येशूच्या अनुयायांना घराघरांतून ओढून तुरुंगात टाकणारा हा माणूस! कुप्र बेटावरचा, लेवी वंशातला बर्णबा मात्र त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला, त्याला जामीन राहिला. या पंथाला तेव्हा ना मंदिरं होती, ना राजाश्रय. मंडळी घरांत भरत, आणि परक्याला दार उघडायचं ते बहुधा ओळखीच्या कुणी शब्द टाकल्यावर.

पुढे अंत्युखियात यहुदी नसलेले लोकही येऊ लागले. काम वाढतंय हे पाहून बर्णबा तार्सला गेला आणि पौलाला शोधून घेऊन आला. वर्षभर दोघांनी तिथे शिकवलं. ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम पडलं ते याच शहरात. बर्णबाचं खरं मोठेपण मला इथे दिसतं. आपल्याहून तल्लख माणूस त्याने आपणहून आणला. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आधी ‘बर्णबा आणि शौल’ (म्हणजे पौलच) असा क्रम येतो, दोघांच्या कुप्रच्या दौऱ्यानंतर बहुतेकदा पौल पुढे. त्यावर बर्णबाने कुरकुर केल्याची नोंद नाही.

यहुदी नसलेल्यांवर सुंतेची सक्ती नको, ही बाजू इ.स. 49च्या सुमारास दोघांनी यरुशलेमच्या बैठकीत मिळून लढवली. फाटलं ते त्यानंतर. पहिल्या दौऱ्यातून अर्ध्यावर परतलेल्या योहान मार्कला पुन्हा सोबत न्यायला पौल तयार होईना. मार्क बर्णबाचा भाऊबंद. पण फाटायला मार्क एवढंच कारण असेल असं मला वाटत नाही. यहुदी नसलेल्यांच्या पंगतीतून अंत्युखियात बर्णबा उठला, ही सल पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात उघड दिसते.

बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला गेला. पौल सीला या नव्या सोबत्याबरोबर निघाला तो थेट मासेदोनियातल्या फिलिप्पैपर्यंत पोचला. तिथे जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियाने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं.

पुढे करिंथकरांना लिहिताना पौल बर्णबाचं नाव आपल्या बरोबरीने घेतो. आणि फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात तर मार्कच त्याच्या सहकाऱ्यांमध्ये आहे.