कंधारपूर : राजधानी गेली, पाणी राहिले



रोम शहराचे नाव आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. कारण तेथील बंधुजनांस पौलाने लिहिलेले पत्र आपण वाचतो. परंतु आपल्या नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही एके काळी मोठ्या राजाच्या बिरुदात शोभणारे नगर होते, हे तेथे बाजारास जाणाऱ्यांपैकी कितीकांस ठाऊक असेल? आज ह्या दोन जुन्या नगरांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहू. राजधानी पडल्यावर तिच्यातले काय उरते, हे त्यावरून ध्यानात येईल.

१. दोन नगरांचा उदय

परंपरेप्रमाणे रोमची स्थापना ख्रिस्तपूर्व ७५३ मध्ये झाली. इसवी सन ७५३ च्या सुमारास दंतिदुर्ग राजाने चालुक्यांची सत्ता मोडून दख्खनेत राष्ट्रकूटांचे राज्य उभारले. आकडा एकच, परंतु मध्ये पंधराशे वर्षांचे अंतर.

राष्ट्रकूट राजे आपणांस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे अनेक विद्वान मानतात. पुढे त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड, येथे झाली. ह्या घराण्यातील तिसरा कृष्ण (९३९ ते ९६७) ह्याने ९४९ मध्ये तक्कोलम येथे चोळांचा पराभव केला. ह्याच राजास ‘कंधारपुरवराधीश्वर’, म्हणजे कंधार ह्या श्रेष्ठ नगराचा स्वामी, असे बिरुद होते. कंधारच्या किल्ल्याचा आरंभही त्याच्याच काळचा मानतात. मान्यखेट मुख्य राजधानी खरी. पण कंधारचा मान किती मोठा होता, हे ह्या बिरुदावरून दिसते.

२. शिलालेख काय सांगतो

कंधार येथे राष्ट्रकूटकालीन शिलालेख सापडला आहे. त्यात देवालयांबरोबर आणखी काही गोष्टी नोंदल्या आहेत. त्यांत ‘जगत्तुंगसमुद्र’ हा तलाव आहे. भुकेल्यांस अन्न देणारी सत्रे आहेत. आणि ‘सर्वलोकाश्रय’ नावाचा मंडप आहे. सर्व लोकांस आश्रय, एवढाच त्या नावाचा सरळ अर्थ होय.

तलावास समुद्र का म्हटले असेल? आपला पाऊस चार महिन्यांचा. पुढे ओढे आटतात. अशा मुलखात बांध घालून पाणी अडविले, म्हणजे ते वर साठते आणि खाली झिरपून आसपासच्या विहिरींसही उपयोगी पडते. ज्याने हे केले, त्याने लोकांस खरोखर एक समुद्रच दिला.

३. दोन नगरांचे पतन

९७२ मध्ये माळव्याच्या सीयक परमाराने मान्यखेट लुटले. पुढच्याच वर्षी, ९७३ मध्ये, तैलप चालुक्याने राष्ट्रकूटांचे राज्य संपविले. राजाचे बिरुद राजाबरोबर गेले.

रोमचेही तसेच झाले. ४१० मध्ये गॉथ लोकांनी ते शहर लुटले. ५३७ मध्ये त्यांनी वेढा घालून शहरात पाणी आणणारे कालवे तोडले. ज्या शहरात एके काळी लक्षावधी लोक राहत, तेथे पुढे काही हजारच उरले, आणि ते टायबर नदीच्या काठाने वस्ती करून राहिले. तलवारीने जे झाले नाही, ते पाणी तुटल्याने झाले.

तथापि ख्रिस्तपूर्व १९ मध्ये अग्रिप्पाने बांधलेला एक कालवा बहुतेक जमिनीखालून जात असे, म्हणून तो टिकला. वेळोवेळी दुरुस्ती होऊन त्याचे पाणी आजही रोमच्या कारंज्यांस मिळते. रोमन बादशहांचे राज्य गेले, अग्रिप्पाचे पाणी गेले नाही.

आणखी एक साम्य पाहा. रोममध्ये कॉन्स्टंटाईन बादशहाच्या प्रचंड पुतळ्याचे मस्तक, हात व पाय ठेवलेले आहेत. बाकीचा पुतळा नाहीसा झाला. कंधार येथेही क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे असेच तुकडे सापडले आहेत. मोठेपणाच्या खुणा दोन्हीकडे भंगल्या.

४. पुढील कंधार

रोम १८७१ मध्ये पुन्हा एका देशाची राजधानी झाले. कंधारच्या वाट्यास ते आले नाही. ते सरहद्दीचे ठाणे झाले. यादव, बहमनी, निजामशाही अशी सत्ता बदलत गेली. १६३१ मध्ये मोगलांनी निजामशाहीकडून हा किल्ला घेतला. अफगाणिस्तानातील कंदाहार त्यांना १६३८ मध्ये मिळाले; इतिहास वाचताना ह्या दोन नावांचा घोटाळा करू नये. नंतर येथे हैदराबादच्या निजामाचा अंमल आला, तो १९४८ पर्यंत चालला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. आज कंधार तालुक्याचे गाव आहे. किल्ल्याची तटबंदी आणि खंदक पाहावयास मिळतात. आणि जगत्तुंगाचे नाव तेथील तलावाने जिवंत ठेवले आहे.

५. आपले कर्तव्य

कंधारचा शिलालेख कोणी पायरीस बसविला असता किंवा धुण्याच्या दगडासारखा वापरला असता, तर सत्रांची आणि सर्वलोकाश्रय मंडपाची वार्ता कायमची पुसली गेली असती. म्हणून नांगरताना किंवा पाया खणताना अक्षरे कोरलेला दगड निघाल्यास तो फोडू नये; तलाठ्यास वा शाळेच्या गुरुजींस दाखवावा. पुरलेले द्रव्य सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे. जुन्या किल्ल्याचा चिरा घराच्या जोत्यास आणणे म्हणजे आपल्या नातवांच्या पोथीचे पान फाडणे होय.

गावचा तलाव गाळाने भरू देणे ही चूकही तशीच. ज्याने तो बांधला त्याचे राज्य हजार वर्षांपूर्वी बुडाले. त्याचे काम आपण बुडवू नये.

विचारासाठी प्रश्न

१. रोमची वस्ती घटण्यास पाणी तुटणे कसे कारण झाले?
२. कंधारच्या शिलालेखातील कोणत्या गोष्टी गरिबांच्या उपयोगाच्या होत्या?
३. आपल्या गावातील सर्वांत जुनी विहीर किंवा तलाव कोणता? तो कोणी बांधला, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवा.