हृदयतपासणीनंतर मूत्रपिंडांची काळजी : पहिले तीन दिवस महत्त्वाचे

हृदयाच्या धमन्यांमधील अडथळा पाहण्यासाठी अँजिओग्राफी केली जाते. मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन तिच्यावाटे आयोडीनयुक्त द्रव सोडला जातो. रुग्णालयात त्यास ‘डाय’ म्हणतात. हा द्रव नंतर मूत्रपिंडांमार्फत लघवीवाटे बाहेर पडतो. बहुतेक रुग्णांना त्यापासून त्रास होत नाही. परंतु काहींच्या मूत्रपिंडांचे कार्य तपासणीनंतर अचानक मंदावते. ही इजा सहसा दुखत नाही. रक्ततपासणीत ती २४ ते ४८ तासांनी दिसू लागते आणि तोवर रुग्ण पुष्कळदा घरी परतलेला असतो. म्हणूनच ही माहिती कुटुंबीयांनाही असणे आवश्यक आहे.

इजा कशी होते?

मूत्रपिंडाच्या आतील भागास मुळातच प्राणवायू बेताचा मिळतो. डायमुळे तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि मूत्रनलिकांच्या पेशींवर द्रवाचा थेट परिणामही होतो. शरीरात पाणी कमी असल्यास किंवा हृदयविकाराच्या झटक्यात रक्तदाब खालावल्यास इजेची शक्यता वाढते.

सीआरपी तपासणी काय सांगते?

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. शरीरात कोठेही दाह, जंतुसंसर्ग अथवा इजा झाल्यास रक्तातील त्याचे प्रमाण काही तासांतच वाढते. हृदयविकाराच्या झटक्यानंतरही ते वाढते. तपासणीपूर्वी सीआरपी वाढलेले असलेल्या रुग्णांत मूत्रपिंडांची इजा अधिक प्रमाणात आढळते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

तथापि, सीआरपी ही मूत्रपिंडांची तपासणी नव्हे. दाह आहे, एवढेच ती सांगते. तो कोठे आहे, हे सांगत नाही. अहवालात आकडा वाढलेला दिसला म्हणून स्वतःहून प्रतिजैविके घेऊ नयेत. आकडा कमी आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. ताप, खोकला, लघवीची जळजळ किंवा चिघळलेली जखम असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. अँजिओग्राफी तातडीची नसेल, तर ती पुढे ढकलता येते.

क्रिएटिनिनचा आकडा कसा वाचावा?

एकट्या आकड्यापेक्षा त्यातील बदल महत्त्वाचा असतो. समजा, तपासणीपूर्वी क्रिएटिनिन ०.८ होते आणि दोन दिवसांनी १.२ झाले. दुसरा आकडा प्रयोगशाळेच्या सामान्य मर्यादेत बसू शकतो. तरीही ४८ तासांत ०.३ किंवा त्याहून अधिक वाढ ही मूत्रपिंडांच्या तीव्र इजेची खूण मानली जाते. यासाठी आधीचा अहवाल जपून ठेवावा आणि नवा अहवाल दाखविताना सोबत न्यावा.

विशेष दक्षता कोणी घ्यावी?

• मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांनी
• मधुमेही रुग्णांनी, विशेषतः मूत्रपिंडांवर परिणाम झाला असल्यास
• हृदय दुर्बल झालेल्या, रक्तक्षय असलेल्या व वृद्ध रुग्णांनी
• जुलाब-उलट्यांमुळे शरीरातील पाणी कमी झालेल्यांनी
• काही दिवसांपूर्वीच डाय वापरून दुसरी तपासणी झालेल्यांनी

तपासणीपूर्वी

• क्रिएटिनिनची तपासणी करून घ्यावी व ईजीएफआर किती आहे, हे विचारावे.
• चालू असलेल्या सर्व औषधांची यादी दाखवावी. मेटफॉर्मिन व लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांबाबत डॉक्टरांचा लेखी सल्ला घ्यावा.
• उपाशी राहण्यास सांगितले असल्यास पाणी केव्हापर्यंत चालेल, हे विचारून घ्यावे.

शरीरातील पाण्याचे प्रमाण योग्य राखणे व डाय कमीत कमी वापरणे, हेच संरक्षणाचे मुख्य उपाय होत. सुमारे ५,००० रुग्णांवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲसिटिलसिस्टीनच्या गोळ्यांचा मूत्रपिंडांच्या संरक्षणासाठी लाभ आढळला नाही.

घरी परतल्यावर

• डॉक्टरांनी सांगितले तेवढे पाणी प्यावे. हृदय दुर्बल असल्यास अधिक पाणीही अपायकारक ठरते.
• अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या दुकानातून आणून घेऊ नयेत. घरातील इतरांच्या गोळ्याही देऊ नयेत.
• डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढे, भस्मे घेऊ नयेत.
• धोका अधिक असलेल्यांनी ४८ ते ७२ तासांत क्रिएटिनिन पुन्हा तपासावे. प्रकृती बरी वाटते म्हणून ही तपासणी टाळू नये.
• हृदयाची व रक्त पातळ ठेवणारी औषधे स्वतःहून बंद करू नयेत.

त्वरित रुग्णालयात जावे, जर

लघवी फार कमी झाली, पाय किंवा चेहरा सुजला, धाप लागली, उलट्या थांबेनात अथवा रुग्ण गुंगीत जाऊ लागला. छातीत दुखू लागल्यास वेळ न दवडता १०८ किंवा ११२ वर संपर्क साधावा.

भीतीपोटी उपचार नाकारू नका

हृदयविकाराच्या झटक्यात बंद धमनी वेळेत उघडणे हे जीव वाचविणारे असते. मूत्रपिंडांच्या काळजीने अँजिओग्राफी नाकारल्यास हृदयाची हानी वाढू शकते. डायनंतरची इजा बहुतेक रुग्णांत एक ते तीन आठवड्यांत भरून येते. डायलिसिसची गरज थोड्यांनाच भासते. मात्र इजा लवकर लक्षात आली, तरच औषधांत वेळेवर बदल करता येतो. रुग्णालयातून निघण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : “क्रिएटिनिनची पुढील तपासणी कोणत्या दिवशी करावयाची?” उत्तर मिळेल तो दिनांक घरी येताच दर्शनी जागी लिहून ठेवावा.